ग्रीसचे वाचक

सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या सामाईक वर्कशॉपात एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंग सेट, दोन वाइस आणि पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. मशीन, सेट आणि वाइस यांच्यासाठी रोज भांडणं होतात. कपाटासाठी कुणी भांडत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं.

वाचनालय चालवायचं तर शास्त्र ठाऊक हवं, म्हणून मी रंगनाथनांचे 1931 सालचे पाच नियम वाचले. पुस्तकं वापरासाठी असतात, हा पहिला. तो आमच्या मंडळींना न वाचताच माहीत होता. यंत्रशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी थरथरणाऱ्या ग्राइंडरच्या पायाखाली सरकवला होता आणि ग्राइंडर खरोखरच शांत झाला होता. कंपनावरचं प्रकरण त्या ग्रंथात आहेच, पण ते वाचून ग्राइंडर थांबला असता असं वाटत नाही.

आमचा वाचक म्हणजे धुळे-नंदुरबारकडून तापी लाइनने आलेला आणि संचा खात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, बारा तास उभा राहिलेला माणूस. संचा बंद पडलेला असतो, शेठचा फोन वाजत असतो आणि हा दारातूनच विचारतो, "भाऊ, यामा चित्र शेतस का?" चित्रं असली की पुस्तक चांगलं. लेखकाचं नाव कुणी घेत नाही. "ते निळं द्या, ठिणगी पडून भोक पडलेलं," अशी मागणी येते आणि मला ते बरोबर सापडतं.

तरी हौस म्हणून मी ड्यूईची 1876 सालची दशांश पद्धत लावून पाहिली. कापडधंदा 677, वीज 621.3. चिठ्ठ्या डकवल्या, कपाट सरकारी दिसू लागलं. पण ड्यूईसाहेबांनी मीठी खाडी पाहिलेली नव्हती. पावसाळ्यात खाडी गल्लीत शिरली की 677 आणि 621.3 असा भेदभाव करत नाही. आता वर्गीकरण पाण्याच्या हिशोबाने चालतं: मोटर वाइंडिंग सगळ्यात वर, त्याखाली डॉबी-जकार्ड, मग वेल्डिंग आणि तळाशी देणगीतली पुस्तकं.

देणगीदार दिवाळीला घर आवरतात आणि थेट ज्ञानदानाला निघतात. 'विंडोज 98' शिकवणारी पुस्तकं आमच्याकडे एवढी आहेत की दुसरा ग्राइंडर आला तरी चिंता नाही. त्यातच एका वॉटरजेट मशीनची चिनी माहितीपुस्तिका आली. ती सगळ्यात लोकप्रिय झाली. खानदेशी मास्टर आणि ओडिया कारीगर तिच्यावर डोकं लावून बसतात. अक्षर दोघांनाही कळत नसल्यामुळे कुणी कुणावर विद्वत्ता झाडत नाही.

वर्गणी मागताना मी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पुढे करतो. ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आमच्यासारखेच तिकडून इकडे आलेले. दत्तक आल्यामुळे भाड्याची खोली तेवढी शोधावी लागली नाही. त्यांनी 1890 मध्ये बडोद्यात धंदेशिक्षणासाठी कलाभवन काढलं, 1910 मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला. कलाभवन सोपवलं ते त्रिभुवनदास गज्जरांकडे. गज्जर अस्सल सुरती, धंदेशिक्षण मातृभाषेतूनच द्यावं म्हणणारे. चाफेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर ज्यांनी काढलं, ते रसायनशास्त्रज्ञ हेच. आज असते तर आमचं वाइंडिंगचं पुस्तक घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो असतो. ग्रीस, वार्निश आणि मावा यांच्या मिश्रणापुढे डांबर काहीच नाही.

अर्थात डाग गेले असते तर माझीच पंचाईत झाली असती. कुठलं पान कामाचं, हे मला डागांवरूनच कळतं. तारेचा गेज आणि कॉइलचे टर्न यांचा तक्ता काळाकुट्ट. प्रस्तावना, जिच्यात लेखकाने तीन गुरूंचे आभार मानलेत, ती धुतल्या धोतरासारखी. पुस्तक स्वच्छ परत आलं की मला संशय येतो: गड्याने फोनवर व्हिडिओ बघून काम उरकलेलं असणार.

सध्या तो काळाकुट्ट तक्ताच कपाटात नाही. कुणीतरी ब्लेडने पान सफाईने कापून नेलंय. ज्याने नेलं त्याने पान खुशाल ठेवावं, फक्त एक झेरॉक्स आणून द्यावी. झेरॉक्स गडद काढा. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या ओळीत छापलेला आकडा चुकीचा आहे. बरोबर आकडा शेजारी पेन्सिलीने लिहिलाय.