राजमान्य राजेश्री शस्त्रनियम यांसी

राजमान्य राजेश्री शस्त्र नियम, 2016, वास्तव्य नवी दिल्ली, यांसी,

आज्ञाधारक सोलापूरकर, जुन्या बंदुकांचा नादिष्ट, याचा दंडवत. विज्ञापना ऐसीजे, इकडील क्षेम. आमच्याकडच्या बंदुकाही क्षेम आहेत, म्हणजे त्यातली एकही उडत नाही. आपले तीर्थरूप शस्त्र अधिनियम, 1959 यांची प्रकृती वयोमानाने अधिकच कडक झाल्याचे ऐकतो. 2019 च्या डिसेंबरात त्यांना सुधारणेचे टॉनिक मिळाले, तेव्हापासून विनापरवाना बंदूक सापडली की किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे आत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. नवरदेवाच्या मामाच्या कमरेचे पिस्तूल बघून पंगतीतली जिलबी घशाखाली उतरत नाही, असा अनुभव आमच्या जिल्ह्यात अनेकांना आहे.

आता पत्रास कारण. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात जुने माळवदाचे घर पाडायला काढले आहे. माळ्यावर कडब्याखाली ठासणीची बंदूक निघाली. लांब नळी, कुंद्यावर पितळेची पट्टी, घोडा गंजून नळीला चिकटलेला. घरमालकाला ती नको आहे, मला हवी आहे. पैशांचा प्रश्न नाही, कारण तो मागत नाही. प्रश्न आपला आहे.

आपण 12 फेब्रुवारी 2020 च्या दुरुस्तीने आम्हा संग्राहकांवर मोठे उपकार केलेत. क्युरिओ, म्हणजे जुनी दुर्मीळ वस्तू, या वर्गात बसणारी बंदूक मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, असे आपण जाहीर केलेत. त्या दिवशी मी घरात शेंगाची पोळी करायला लावली. पोळी खाऊन झाल्यावर पुढचे वाक्य वाचले. तिचा वापर करायचा असेल, ती घेऊन फिरायचे असेल किंवा तिची वाहतूक करायची असेल, तर मात्र रीतसर परवाना लागेल.

म्हणजे बंदूक त्या खेड्यातल्या माळ्यावर असली तर कायदेशीर. सोलापुरात माझ्या भिंतीवर असली तरी कायदेशीर. मधल्या रस्त्यावर ती असता कामा नये. महाराज, आमच्याकडे सिद्धेश्वराची कृपा आहे, पण एका ठिकाणी अंतर्धान पावून दुसऱ्या ठिकाणी प्रकट होण्याची विद्या अजून आम्हाला अवगत नाही. हुमणाबादहून, विजापूरहून, बार्शीहून वस्तू येतात त्या रस्त्यानेच येतात. आपल्या मते क्युरिओ ही जागच्या जागी जन्मणारी वस्तू असावी, भुईछत्रीसारखी.

आणि हा मधला रस्तासुद्धा साधा नाही. ग्रामीण भागात शस्त्र परवान्याचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरसाहेबांकडे. जिथे पोलीस आयुक्त आहेत तिथे ते आयुक्तांकडे, अशी व्याख्याच आपल्या तीर्थरूपांनी करून ठेवली आहे. सोलापूर शहराला आयुक्तालय आहे. सबब आमची बंदूक अक्कलकोट रोडने येता येता कुठेतरी एका साहेबाच्या हद्दीतून दुसऱ्या साहेबाच्या हद्दीत शिरणार. नेमकी कुठे, हे तिला कळणार नाही, मला कळणार नाही, आणि नाक्यावरच्या हवालदाराला तर फक्त एवढेच कळणार की गाडीच्या डिकीत साडीत गुंडाळलेली लांब नळी आहे.

मी विचारले नाही असे समजू नका. एका कचेरीत गेलो (कोणत्या ते सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही). तिथल्या भल्या माणसाने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, "परवाना नसलेल्या बंदुकीच्या वाहतुकीचा परवाना मागताय, तर मूळ परवाना क्रमांक कुठला टाकू?" मी म्हटले, "मूळ परवाना लागतच नाही." तो म्हणाला, "मग वाहतुकीचा कशावर देऊ?" आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांकडे पाहत बसलो. चहा चांगला होता.

दुसरी वाट आपल्या वडिलांनीच कलम 45 मध्ये दाखवली आहे. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदाच लागू नाही. वाचून हायसे वाटले. पण "दुरुस्ती करूनही" हे दोन शब्द फार जहाल आहेत. बंदूक आज उडत नाही एवढे पुरेसे नाही. ती कधीही, कोणाच्याही हातून उडू नये. आता दुरुस्ती होणार की नाही हे बंदुकीवर कमी आणि कारागिरावर जास्त अवलंबून असते. आणि महाराज, हे सोलापूर आहे. इथल्या फिटरने पन्नास वर्षांचा यंत्रमाग सायकलच्या स्पोकवर आणि सुतळीवर चालवून दाखवला आहे. त्याच्यासमोर माझी बंदूक ठेवली आणि विचारले की ही दुरुस्त होईल का, तर तो "नाही" म्हणणारच नाही. त्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. म्हणजे गावात जितके हुशार मिस्त्री, तितका मी जास्त गुन्हेगार.

उगाच रडगाणे गातोय असे वाटेल, म्हणून हेही सांगतो की परवान्याची बंदूक घेणाऱ्याला आपण जे सोपस्कार लावलेत ते मला मान्य आहेत. अर्ज, पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, राष्ट्रीय नोंदीत युनिक क्रमांक, घरात कुलपाची सुरक्षित जागा, काडतुसांची नोंद. एकाने दुसऱ्याला बंदूक विकायची तर आधी लेखी कळवून 45 दिवस थांबायचे. थांबावेच. चालू बंदूक विकत घेणे हे वांगी घेण्याइतके सोपे असलेल्या देशांतल्या शाळांच्या बातम्या आम्हीही वाचतो, आणि आपल्या कडकपणाबद्दल मनातल्या मनात हात जोडतो.

तक्रार एवढीच की आपल्या दप्तरात बंदुकीला दोनच अवस्था आहेत: एक तर ती जीव घेणार, नाहीतर ती मेलेली. कोणाच्या तरी आजोबांची, कोणत्यातरी लोहाराची, कोणत्यातरी संस्थानाच्या शिलेदाराची म्हणून ती काही सांगत असेल, तर ते नोंदवायला रकानाच नाही. कारण उघड आहे. आपली वंशावळ 1878 च्या लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्यापर्यंत जाते. त्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना लावला आणि युरोपियनांना सूट दिली. त्याला बंदुकीचा इतिहास नको होता, 1857 पुन्हा नको होते. घाबरलेले सरकार कसे वागते हे आम्हा सोलापूरकरांना कोणी शिकवायला नको. 12 मे ते 30 जून 1930 आम्ही लष्करी कायद्याखाली काढले, आणि तेव्हा सोजिरांना डोक्यावरच्या गांधी टोपीतसुद्धा शस्त्र दिसत होते. सरकारे बदलली. नजर तेवढी वारसाहक्काने राहिली.

वाहतुकीचाच विषय निघाला म्हणून मलिक-ए-मैदानची आठवण करून देतो. विजापूरच्या बुरुजावरची ती तोफ, सिंहाच्या जबड्यात हत्ती चिरडलेला, वजन अंदाजे 55 टन. 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. तिथून ती परांड्याच्या किल्ल्यात आली, आणि 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती परांड्याहून विजापूरला नेली. (बोटीत हत्ती घालून त्याचे वजन केल्याची गोष्ट सांगतात, तोच हा मुरारपंत. अवजड मालाचा त्याला नादच असावा.) चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली असे म्हणतात. आकड्यांबद्दल मी शपथ घेत नाही, पण परांड्याहून विजापूरला जायचे तर आमच्याच मुलखातून, भीमा ओलांडून जावे लागते, हे नकाशा सांगतो. त्या प्रवासात मुरारपंताला मूळ परवाना क्रमांक कोणी विचारला नसावा. पुढे 1854 मध्ये इंग्रजांनी ती भंगारात लिलावाला काढली. बोली आली दीडशे रुपयांची. सौदा रद्द झाला म्हणून तोफ वाचली. हा आकडा लक्षात असू द्या, त्याचे काम पुढे आहे.

किल्लेसुद्धा फिरत होते हो! आमचा भुईकोट किल्ला चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीकडून आदिलशाहीला आंदणात गेला, तोफांसकट. आणि पुण्याचे दिनकर केळकर खेडोपाडी हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, शस्त्रे जमवत राहिले, म्हणून त्यांच्या मुलाच्या, राजाच्या, नावाचे संग्रहालय उभे राहिले. आज ते हिंडते, तर अडकित्ते सुखरूप पुण्याला पोचले असते. अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार बघायला मी पाहुण्यांना आवर्जून नेतो, आणि तिथून परतताना दर वेळी मनात येते की हा संग्रह टिकला याचे एक कारण तो जागचा हलला नाही. ज्यांच्याकडे राजवाडा नाही, माळवद आहे आणि तेही पाडायला काढले आहे, त्यांनी काय करावे?

परवान्याच्या बंदुकांचे तर वेगळेच. 1983 पासून माणशी तीन चालत. 2019 च्या विधेयकात आपल्या वडिलांनी ती संख्या एकावर आणायचे ठरवले होते, ओरड झाल्यावर दोनावर तडजोड झाली. वारसाहक्काने आलेल्याही त्यातच मोजायच्या. वर्षभरात जादाची ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. नामवंत नेमबाजाला मात्र खेळासाठी बारापर्यंत मुभा. त्याबद्दल आकस नाही, पदके येतात. पण पणजोबाची दुनळी, आजोबाची ठासणीची आणि वडिलांची रायफल यांतल्या कोणाला घराबाहेर काढायचे, हा पेच एका घरात पडला तेव्हा भाऊबंदकीच्या वाटण्यांपेक्षा जास्त रडारड झाली.

आणि उत्तर सोलापूर तालुक्यात राहत असाल तर माळढोकही आहे. वन्यजीव कायद्याचे कलम 34 म्हणते, अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा शस्त्र परवाना नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य एके काळी कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते, पुढे आटून बाराशेच्या आसपास आले. पक्षी तर त्याहून आटला; आता दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. त्याच्या रक्षणासाठी शंभर बंदुका नाकारल्या तरी माझी हरकत नाही. गंजलेला घोडा त्याला मारू शकत नाही, एवढेच त्याच्या कानावर घाला.

आता विनंती. वाट काढता येत नाही असे म्हणू नका, कारण आपल्याच शेजारच्या खात्याने ती काढली आहे. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. क्रमांकात व्हीए ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी, पण प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला रस्त्यावर आणायला मोकळीक. दीड टनाचे लोखंड, टाकीत पेट्रोल, चालणारे इंजिन, तरी सरकारला ते पाहून इतिहास आठवतो. आमच्या नळीत दारू नाही, गोळी नाही, गज हरवला आहे. एका कागदावर तिचे छायाचित्र, लांबी, निघण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण, दोन्हीकडच्या ठाण्याचा शिक्का आणि प्रवासाची तारीख, एवढ्यावर तिला जाऊ द्या. शुल्कही घ्या. पाहिजे तर हवालदार सोबत बसवा, अक्कलकोटला स्वामींचे दर्शन घडवून आणतो.

उत्तराची घाई आहे, कारण घरमालकाने मिस्त्री लावला आहे आणि त्याला माळा रिकामा करून हवा आहे. गावात एक भंगारवाला हातगाडी घेऊन येतो. त्याने बंदूक पाहिली. ग्राइंडरने तीन तुकडे करून किलोच्या भावाने न्यायला तो तयार आहे. शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच, असे आपल्या वडिलांच्या कलम 2 मध्ये आहे, हे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "साहेब, तुकडे केल्यावर कोण इचारतंय?" त्याचा हिशोब पितळेच्या पट्टीसकट दीडशे रुपये.

येत्या बाजारच्या दिवशी तो पुन्हा येणार आहे. बहुत काय लिहिणे. लोभ असावा.

आपला आज्ञांकित,
एक सोलापूरकर