तहकुबीचा महिमा

१९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत मानाचे पान मिळाले. महाराष्ट्रात तिच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी आकडा पुरतो. लग्नाला हजार पाने उठवणाऱ्या गावात तेवढेही जमत नाहीत. पण कायदा समंजस. सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! लोक आले तर लोकशाही, न आले तर जास्तच सुटसुटीत लोकशाही. मग सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि पारावरून उठवून आणलेले दोघे मिळून ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर करतात. रजिस्टरात सह्या मात्र भरगच्च, कारण सह्यांचे रजिस्टर नंतर निवांत घरोघरी हिंडते. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने पुढच्या सभेला यावे. वेळ कळवली जाईल, बहुधा सभा झाल्यावर.