नऊ वर्षांचा, आणि क्लास एकही नाही!

ऐकलंत का वहिनी? मी कुणाला सांगणार नव्हते, पण पोटात राहीना. कामतघरला, वऱ्हाळदेवी तलावाच्या बाजूच्या एका सोसायटीत एक मुलगा सापडलाय. वय वर्षं नऊ. अबॅकस नाही, कराटे नाही, फोनिक्स नाही. संध्याकाळी खाली उतरतो आणि नुसता खेळतो म्हणे! आईला विचारलं, तर म्हणते, ‘कंटाळला की येतो वर.’ बघा म्हणजे! पोराला कंटाळायला मोकळं सोडलंय, तेही फी न भरता!

एरवी आपल्या भिवंडीत पोरांना मान वर करायला फुरसत नाही. धामणकर नाक्याच्या आसपास कुठलाही जिना चढा. खाली मेडिकल, वर दातांचा डॉक्टर, त्याच्या वर कराटे आणि रोबोटिक्स. प्रत्येक बोर्डावर ‘मर्यादित जागा’. ते मात्र खरं हो, जागा मर्यादितच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक पोरं एकदम लाथ झाडतात, तेव्हा खालच्या डॉक्टरकडचा पेशंट न सांगता आ करतो.

आणि स्केटिंग! कल्याण नाक्यावर पायात चप्पल घालून धड चालून दाखवणं हाच मुळात साहसी क्रीडाप्रकार, त्यात यांनी पायाला चाकं लावली. रस्त्यावर सोय नाही म्हणून पोरं गच्चीत पाण्याच्या टाक्यांभोवती गोल गोल फिरतात. आमच्या ओळखीतली एक मुलगी बाहेरगावी स्पर्धेला गेली, सरळ लांबलचक ट्रॅक बघितला आणि रडायलाच लागली. डावीकडे वळल्याशिवाय तिला पुढे जाताच येईना!

अबॅकसचं काय सांगू. मण्यांची चौकट मूळची चीन-जपानकडची. मलेशियात 1993 साली यूसीमासने तिचा मुलांसाठी अभ्यासक्रम केला, 1999 मध्ये तो भारतात आला, आणि आता आपली पोरं मंडईत कोथिंबिरीच्या हिशेबाला हवेत बोटं नाचवतात. भाजीवाला तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं उरकतो. पॉवरलूमच्या कारखान्यातला मेहता आयुष्यभर ताग्यांचा हिशेब तोंडी करत आलाय, त्याच्या गळ्यात कधी कुणी मेडल घातलेलं पाहिलंय का?

हो, मेडल! परवाच्या स्पर्धेत पहिला नंबर म्हणे अठ्ठावीस मुलांचा. दुसरा कुणाचाच नाही. कारण उघड आहे, दुसऱ्या नंबराची आई पुढच्या टर्मची फी भरत नाही.

सरकारही काही कमी नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण, बीला 5, सीला 3. शास्त्रीय नृत्य, गायन, लोककला, खेळ, सगळ्यांचे गुण ठरलेले. हे कळल्यापासून घराघरात कला जागी झालीय. भिंतीवर रेघ ओढली म्हणून जिथे धपाटा बसायचा, तिथे आता आई स्वतः रंगांच्या बाटल्या आणते. स्मरणचित्राला विषय येतो ‘खेळणारी मुले’. पोरं ती अप्रतिम काढतात. लगोरी, पतंग, विटीदांडू, सगळं. आता लगोरी पाहिलीय कुणी? क्लासच्या सरांनी तीन मुलं बसवून दिलेली असतात, एक पळणारं, एक वाकलेलं, एक पाठमोरं. तीच पाठ करायची आणि पेपरात उतरवायची.

आमचे आजोबा सेवा दलाच्या शाखेवर जायचे. राष्ट्र सेवा दल उभं राहिलं 4 जून 1941 रोजी, एस. एम. जोशी दलप्रमुख. कवायत, खेळ, गाणी, श्रमदान, आणि फी काहीच नाही! बेल्ट नाही, डेमो लेक्चर नाही, घरी येताना अंगावर धूळ तेवढी. आजची आई पहिल्या दिवशी विचारेल, ‘यात लेव्हल किती असतात?’

स्काऊटवाल्यांना ते आधीच कळलं होतं. प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. पायऱ्या आहेत म्हटल्यावर आया खूश. पण त्यात ‘खरी कमाई’ नावाचा एक भलताच प्रकार आहे. मुलाने स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे. शी! आमच्या मजल्यावर मग आईने भेळ केली, बाबांनी विकत घेतली, आजीने खाल्ली. चिरंजीव त्या वेळात फोनिक्सला.

सुट्टीतल्या शिबिराचं तर सांगायलाच हवं. ठाण्याहून सर आले, फळ्यावर आकृती काढली, दोन दोर जोडायची शीट बेंड गाठ शिकवली. सकाळभर पोरं गुंत्यात. भिंतीपलीकडे लूम चालू. तिथे सूत तुटलं की कारीगर हीच गाठ डोळ्याचं पातं लवायच्या आत मारतो, बोलणंसुद्धा थांबवत नाही. कुणीतरी म्हणालं, त्यालाच बोलवा की शिकवायला. बोलावलं, तर त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? ‘मीटरमागे किती देणार?’ शिवाय त्याच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. विषय तिथेच मिटला.

पण खरा बोभाटा पुढे आहे, जरा जवळ या. पोर वर क्लासला, आई खाली पायरीवर. मधल्या तासात घरी जाऊन येऊ म्हटलं तर रिक्षा ट्रॅफिकमध्येच उभी, म्हणून बसायचं. आधी बायकांनी तिथे मटार सोलले, मग भिशी लावली. आता त्यातल्या सात-आठजणी चक्क ढोलपथकात गेल्या! आवाजाची तक्रार कोण करणार? लूमच्या खटखटीत झोपणारं गाव हे. त्यातल्या एकीला मी विचारलंही, ‘सर्टिफिकेट मिळतं का गं?’ तर हसून म्हणते, ‘नाही, नुसतं वाजवायचं.’ दोन पोरांच्या आईच्या चेहऱ्यावर एवढं तेज, शोभतं का सांगा!

हल्ली पोरांना न्यायला नवरे येतात. पायरीवर ओळीने बसतात आणि खिचडीला शिट्ट्या किती, ते एकमेकांना विचारतात. गणपतीपर्यंत हेच चालणार. कालच एकजण रोबोटिक्सवाल्या सरांना बाजूला घेऊन हळूच विचारत होता, स्वयंपाकाची वीकेंड बॅच काढता का म्हणून.