घरबसल्या बोट लागली

पूर्वी कोकणात बोटीने जायचं तर भाऊचा धक्का गाठायचा, ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि पोरांच्या तोंडात आवळासुपारी कोंबायची. बोट लागायची ती समुद्रात गेल्यावर. आम्हाला ती दिवाणखान्यातच लागली.

सुट्टीत मुंबई-गोवा क्रूझ ठरवली. मी, बायको, दोन मुलं आणि आई. पैसे घेताना कंपनीने एकच प्रश्न विचारला होता, कार्ड कोणतं? बाकीचे सगळे वेब चेक-इनसाठी राखून ठेवले होते. आदल्या रात्री जेवणं आटोपून बसलो. दहा मिनिटांचं काम, असं त्यांनीच लिहिलं होतं.

धाकटा ४ वर्षांचा, म्हणजे निळं बाल आधार. ५ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो तेवढा काढतात. आमचा तेव्हा तीन महिन्यांचा होता. फोटोत टक्कल, मिटलेले डोळे आणि मान धरलेला मावशीचा हात. साइटने आजच्या फोटोशी ताडून पाहिलं आणि निकाल दिला : चेहरा जुळत नाही. कारणांच्या यादीत ‘मूल वाढलं’ हे नव्हतं. मग पांढऱ्या भिंतीसमोर, तोंड मिटून, न हसता नवा फोटो. हसू नकोस म्हटल्यावर ४ वर्षांचं पोर काय करतं, हे नियम लिहिणाऱ्याच्या घरी कोणी पाहिलेलं नसावं. एकविसाव्या फोटोत तो गंभीर आला, कारण तोवर पेंगत होता.

एसटीत आया अजून पोराचं वय बिनदिक्कत खाली आणतात आणि कंडक्टर एकदा पोराकडे, एकदा आईकडे बघून अर्धं तिकीट फाडतो. ती कला इथे चालत नाही. इथे धाकट्यालाही स्वतंत्र ईमेल लागतो. काढून दिला. पासवर्ड त्याने ठरवला, तो आता त्यालाही आठवत नाही.

आरोग्याचं घोषणापत्र माणशी एक. ७२ वर्षांच्या आईला विचारलं, आपण गरोदर आहात का? मी मोठ्याने वाचलं. आतून आवाज आला, “लिही, अजून ठरलं नाही म्हणून.”

आणीबाणीत कोणाला कळवायचं? बोटीवर नसलेली व्यक्ती हवी. घरातले तर सगळेच बोटीवर. शेवटी समोरच्या बिऱ्हाडाचं नाव घातलं. पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं नाही, पण आम्ही बुडालो तर बातमी निदान गोड वाटेल.

सुरक्षेच्या चित्रफितीबद्दल मात्र तक्रार नाही. टायटॅनिकवर दोन हजारांहून जास्त माणसं होती आणि जीवरक्षक होड्या २०. ती १९१२ साली बुडाली, तेव्हा कुठे १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून चित्रफीत मी मन लावून, शेवटपर्यंत पाहिली. तेवढ्यात सेशन संपलं. एकवीस फोटोंसकट सगळं बुडालं. होडी एकही नव्हती.

पूर्वी खिडकीमागे कारकून असायचा. तो खेकसायचा, आपण खेकसायचो, पण फॉर्म तो तपासायचा. आता कारकून मीच, तोही बिनपगारी, आणि खेकसायला समोर फक्त बायको. ती बॅगा भरत होती, म्हणून वाचलो.

रात्री दीडला पाच पास आले. खाली बारीक अक्षरांत एक ओळ : सर्व ओळखपत्रांच्या दोन झेरॉक्स प्रती सोबत आणाव्यात.

कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान १० वाजता उघडतं. टर्मिनलवर आमची वेळ साडेदहाची.