बिजवर विद्यार्थी

पाहुणे चहा संपवून बशी खाली ठेवतात आणि जरा खाकरून विचारतात, ‘यापूर्वी कुठं झालंय का?’ इंग्लंडमध्ये पदवीसाठी सरकारी कर्ज मागणाऱ्यालाही हाच प्रश्न असतो. तिथं फक्त लग्नाऐवजी शिक्षण विचारतात.

हिशेब तसा सरळ आहे. अभ्यासक्रमाची वर्षं, अधिक एक, वजा आधी पूर्णवेळ शिकलेली वर्षं. वरच्या त्या एका वर्षाला तिथले सल्लागार लाडानं ‘गिफ्ट इयर’ म्हणतात. तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षांचं फीकर्ज मंजूर. पूर्वी दोन वर्षं दुसरीकडे शिकून सोडलं असेल, तर उरली दोन. तूट भरायची ती पहिल्याच वर्षी, स्वतःच्या खिशातून. २०२५-२६ मध्ये ही फी ९,५३५ पौंडांपर्यंत आहे.

आणि वर्ष मोजायची पद्धत तर आपल्या गावच्या भावकीलाही लाजवील. मांडवात पाय टाकला की लग्न लागलंच! एखाद्या वर्षी चार दिवस वर्गात बसून पळालात, तरी अख्खं वर्ष खर्ची. आजारपण, घरातला मृत्यू अशी कारणं असतील तर एक वर्ष परत मिळू शकतं, पण दुःखाला कागद जोडावा लागतो.

आता अर्धवेळवाल्यांचं बघा. दिवसा नोकरी, रात्री पुस्तक, असं शिकलेलं सहसा या वजाबाकीत धरतच नाहीत. तो नुसता साखरपुडा. तिथल्या मुक्त विद्यापीठाची ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची. वर्षाला ६० घेतली तर सहा वर्षं लागतात. साडेपाच वर्षं रात्री जागवून सोडून दिलंत, तर पूर्णवेळच्या कर्जापुरते तुम्ही कोरेकरकरीत, प्रथमवर. पण शेवटचा पेपर देऊन पास झालात की बिजवर! मग सरकार ‘समान किंवा खालच्या पातळीची दुसरी पदवी’ म्हणून तोंड फिरवतं. पहिल्या पदवीचे पैसे स्वतः भरले होते, हे सांगून उपयोग नाही. ती परदेशातली होती, हेही नाही. मुंबईच्या रात्र महाविद्यालयातली पदवीसुद्धा तराजूत पडते. म्हणून शहाण्यानं शेवटच्या पेपरला दांडी मारावी. आमच्या गल्लीत नापासांना एवढा मान कधीच मिळाला नाही.

बिजवरांतही डावं-उजवं आहेच. नर्सिंगला पुन्हा बोहल्यावर चढता येतं. २०१५ पासून अर्धवेळ अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रालाही मुभा मिळाली. इतिहास दुसऱ्यांदा आवडला, तर मात्र तो छंद.

गंमत अशी, की मुक्त विद्यापीठ काढलं १९६९ साली हॅरॉल्ड विल्सनच्या मजूर सरकारनं. ज्यांची संधी हुकली त्यांच्यासाठी. आणि दुसऱ्यांदा पदवी करणाऱ्यांचं अनुदान २००८ पासून आटवलं तेही मजूर सरकारनंच. कामगारांसाठी १८२३ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या बर्कबेकला आणि मुक्त विद्यापीठाला त्याचा मोठा फटका बसला, कारण चाळिशीत दप्तर उचलणारी मंडळी तिथंच येणार ना!

आता म्हणे सगळं बदलतंय. जानेवारी २०२७ पासूनच्या अभ्यासक्रमांसाठी आजीवन शिक्षणाचा नवा हक्क येतोय. चार वर्षांच्या फीएवढी रक्कम, म्हणजे २०२५-२६ च्या दरानं ३८,१४० पौंड, साठीपर्यंत सुट्या तुकड्यांत वापरता येईल, आणि दुसऱ्या पदवीवरची ती बंदीही जाईल. आपल्याकडे साठीशांतीला त्याच नवरा-नवरीला पुन्हा हार घालतात, तसंच म्हणा. फक्त पंगतीला बसण्यापूर्वी आधीच्या लग्नात किती जेवलात ते विचारतील, आणि तेवढं वजा करून ताट वाढतील.