नको म्हणायची सोय

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. विमानं अडली, बँका आणि रुग्णालयं खोळंबली. भारतातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून द्यावे लागले. एवढा गोंधळ झाला, पण लोकांनी काय केलं? त्या हस्तलिखित पासांचे फोटो काढून एकमेकांना पाठवले, कर्मचाऱ्यांच्या अक्षराची चर्चा केली आणि आठवड्याभरात विषय सोडून दिला. संगणक बंद पडणं आपण असं उदार मनाने घेतो. वीज जाते, लोकल रखडते, नळाला पाणी येत नाही, त्यात हे एक. माणूस चिडतो तो वेगळ्याच गोष्टीवर. काम ऐन भरात असताना विंडोज पडदाभर एक चौकट आणतं, तुमचा संगणक तयार करायचं काम अजून पुरं व्हायचंय असं गोड आवाजात सांगतं आणि खाली दोन बटणं देतं. एक ‘पुढे चला’ आणि दुसरं ‘तीन दिवसांनी आठवण करा’. ‘नको’ असं बटणच नाही. पंचाऐंशी लाख संगणक पाडणाऱ्याला आपण माफ करतो, पण या दुसऱ्या बटणाच्या कर्त्याला नाही. हा विक्षिप्तपणा नव्हे, यात मोठा विवेक आहे असं माझं मत आहे. नेहमीच्या सॉफ्टवेअरवरचा आपला राग बिघाडावर नसतो, आगाऊपणावर असतो. आणि आडवाटेच्या ऑपरेटिंग सिस्टिम लोकांना भुरळ घालतात त्या चांगल्या असतात म्हणून नव्हे (बऱ्याच नसतात), तर त्या बिघडल्या तरी नुसत्याच बिघडतात, बिघडताना आपल्याकडून काही मागत नाहीत, म्हणून.

आग्रहाचं आपल्याला वावडं नाही. पंगतीत हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडतेच. पण त्या आग्रहालाही शेवट असतो, पानावर ओणवं झालं की वाढपी पुढे सरकतो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये पान झाकण्याचा अर्थच ‘वाढा’ असा लावला. विंडोज १० फुकट घ्या म्हणणारी चौकट कोपऱ्यातली फुली दाबून बंद केली, तर ती ठरलेल्या वेळी अपग्रेड करायला संमती समजली जाऊ लागली. लोक रात्री विंडोज ७ लावून झोपले आणि सकाळी विंडोज १० समोर बसले. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवासी कंपनीच्या मालकिणीचा संगणक नको असलेल्या अपग्रेडनंतर कामातूनच गेला. तिने दावा लावला, दहा हजार डॉलर मिळवले आणि मायक्रोसॉफ्टने अपील मागे घेतलं. त्या वर्षाच्या अखेरीला कंपनीच्या मार्केटिंगप्रमुखानेही जरा अतीच झालं अशी कबुली दिली. इथे काहीही बिघडलेलं नव्हतं हे ध्यानात घ्यायला हवं. सगळं ठरल्याप्रमाणे नीट चाललं होतं, आणि तक्रार नेमकी तीच आहे.

पत्त्यांचंच बघा. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला. वेस चेरी नावाच्या इंटर्नने तो लिहिला आणि त्याबद्दल त्याला रॉयल्टीची एक दमडीही मिळाली नाही. लोकांना माऊसने वस्तू धरून ओढायला जमावं, असा त्यामागचा शैक्षणिक हेतू. जगभरच्या कचेऱ्यांनी हे शिक्षण इतक्या निष्ठेने घेतलं की वीस वर्षं ते पुरंच होईना. (साहेब आले की पटकन खोटा तक्ता दाखवणारी एक कळही चेरीने केली होती. ती कंपनीने काढायला लावली. कंपनीला लोकांची पारख नाही याची ही पहिली खूण.) विंडोज ८ मध्ये हा खेळ सिस्टिमबरोबर मिळेनासा झाला आणि विंडोज १० मध्ये परतला तो जाहिराती घेऊनच. जाहिराती नको असतील तर तेव्हा महिन्याला सुमारे दीड डॉलर मोजावे लागायचे. एकट्याने खेळायच्या डावाला आता आपण आणि जाहिरातदार असे दोघं बसतो. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूतही ‘शिफारस’ या सभ्य नावाखाली दुकानातला माल दिसू लागला. पुढच्याच महिन्यात ‘रिकॉल’ जाहीर झालं. दर काही सेकंदांनी आपल्या पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे आपण कधी काय पाहिलं ते नंतर शोधता येईल, अशी ती सोय. सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिलं की ही सगळी टिपणं दुसऱ्या कुणालाही सहज वाचता येतील अशी पडलेली असणार. मग आरडाओरडा झाला, माघार झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते सुधारून, मालकाला विचारून सुरू होण्याच्या अटीवर परत आलं. ज्यांनी संसार केला आहे त्यांना मी काय सांगावं? आपण मंगळवारी दुपारी काय बघत होतो हे कुणालाही शोधता न येणं, यावर घराची बरीचशी शांतता उभी असते.

यावर कंपनीच्या बाजूने बोलणारे म्हणतील की जुनं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो, त्याला थोडं ढकलावंच लागतं. हे अगदी खरं आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, साधारण २०१७ नंतरचे प्रोसेसर लागतात, आणि या अटीमागे तांत्रिक कारणं आहेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला तेव्हाचा व्यवहार बघा. हा दिवस यायच्या आधीच, २०२३ च्या अखेरीला, कॅनालिस या बाजार-विश्लेषण संस्थेने अंदाज बांधला होता की यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारच्या वाटेला लागतील. हे काही मोडलेले संगणक नव्हेत. त्यांचा कीबोर्ड चालतो, पडदा चालतो, पंखा तर सगळ्या घराला ऐकू येईल इतका चालतो. अशांना सुरक्षेची दुरुस्ती आणखी एक वर्ष मिळावी म्हणून कंपनीने सवलत काढली. तीस डॉलर भरा, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात ठेवा, मग फुकट. पैसे भरायची तयारी असली तरी खातं उघडावंच लागतं. शेजाऱ्याची सुरक्षा एवढाच हेतू असता, तर दाराला कुलूप लावून देताना मालकाचं नाव-गाव वहीत नोंदवून घ्यायची अट आली नसती. (मॅकवाले इथे मंद हसत असतील. सेटिंग्जवरचा तो लाल ठिपका कशाचा आहे, ते त्यांनी एकदा बघून घ्यावं.)

या भांडणाचं मूळच मुळी बिघाडापेक्षा नकारात आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो सगळ्यांना कळवेल अशी दुरुस्ती त्याने प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचे, पण याचा प्रोग्राम उघडून बघता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमनने तिथे जाऊन मागितला. गृहस्थाने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असल्याने नकार दिला. अडकलेल्या कागदाचं स्टॉलमनला काहीच वाटलं नसतं, तो तर रोज अडकत होता. त्याला लागलं ते ‘हात लावायचा नाही’ हे. १९८३ मध्ये त्याने अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम मोकळी लिहायचा संकल्प सोडला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लायनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहिलेला ‘लिनक्स’ हा गाभा तिला येऊन मिळाला. आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही तेच आहे.

पण घरच्या टेबलावर लिनक्स अवघड, ही तक्रार उरतेच, आणि तिला मी खोटं म्हणणार नाही. विम नावाच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला, आणि तो बघणारे काही आजोबा नव्हते, प्रोग्रामर होते. आत शिरलेल्यांपैकी काही अजून आतच असतील. तरीही ‘विंडोज सोपं’ या वाक्यात सोपं काय आहे ते तपासायला हवं. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो लोक पैसे भरून, सराव करून, परीक्षा देऊन विंडोज आणि ऑफिस शिकले. प्रमाणपत्र मिळवून जे येतं त्याला सोपं म्हणायचं असेल तर टायपिंगही सोपंच. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेलं. तिथली मुलं लिनक्सवरच वाढतात आणि त्यांच्या राज्यावर काही आकाश कोसळलेलं नाही. उलट परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचं तिथल्या यंत्रणेने २०१९ मध्ये सांगितलं. ‘फुकट’ हा मुद्दा आपल्याकडे मात्र कधी चाललाच नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर विंडोजची सीडी किरकोळ पैशांत मिळत असताना लिनक्स फुकट आहे हे कौतुकाने सांगणाऱ्याकडे लोक दयेने बघायचे.

याहून वजनदार आक्षेप म्हणजे कामाचं सॉफ्टवेअर. टॅली विंडोजवर चालतं, आणि महाराष्ट्रातला जमाखर्च टॅलीवर. इथे कुठलाही युक्तिवाद चालत नाही, मार्च महिन्यात तर मुळीच नाही. म्युनिक शहराचं उदाहरण त्यासाठी आवर्जून दिलं जातं. २००३ मध्ये नगरपालिकेने लिनक्सकडे वळायचं ठरवलं. ते थांबवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धी सोडून महापौरांना भेटायला आले, तरी शहर बधलं नाही. पंधरा हजारांच्या आसपास संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव झाला. हार झाली खरी. पण आपल्याकडची मराठी डीटीपीची दुकानं आणि छापखाने बघितले की हा आक्षेप दुसरीकडून उलटतो. त्यांचं काम वर्षानुवर्षं श्रीलिपी आणि पेजमेकरवर चाललं, आणि पेजमेकरची नवी आवृत्ती २००१ नंतर आलेलीच नाही. या मंडळींना लिनक्स नकोय हे बरोबर, पण विंडोज ११ तरी कुठे हवंय? त्यांना हवं आहे एक्सपी, ज्याचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला. इंटरनेटची वायर काढून ठेवलेला, वर प्लास्टिकचं कव्हर घातलेला असा एक्सपीचा डबा माझ्या मते राज्यातली सर्वांत शांत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिला कोणी अपडेट करत नाही, ती कोणाला काही विचारत नाही. तो छापखानेवाला आणि तीन पडद्यांसमोर दाढी कुरवाळणारा लिनक्सभक्त एकमेकांना ओळखणार नाहीत, पण दोघांचं मागणं एकच आहे.

लिनक्सच्या बाजूला सगळे साधूच, असंही नाही. २०१२ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या अवताराने घोटाळा केलाच. आपल्याच संगणकात आपलीच फाइल शोधायला जावं तर ॲमेझॉनवरचा मालही समोर यायचा. स्टॉलमनने त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा इथेच आहे, कारण आगाऊपणा इथेही शिरू शकतो हे यावरून सिद्धच होतं. फरक पुढे दिसतो. लोक उठून लिनक्स मिंटकडे, डेबियनकडे, आणखी कुठेकुठे गेले, फायली उचलून आणि सवयी न मोडता. २०१६ च्या उबुंटूत ती सोय मुळातच बंद ठेवलेली होती. नाराजांनी निघून जाण्याची या जगात इतकी सोय आहे की तिचा अतिरेकही होतो. संगणक सुरू होताना कोणता प्रोग्राम आधी उठावा, एवढ्या कारणावरून डेबियनमध्ये असं भांडण झालं की काही जणांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. मराठी साहित्यसंस्थांनाही इतक्या बारीक मुद्द्यावर फुटायला थोडी तयारी लागते. पण निघून जाता येतं, म्हणूनच मागे राहणाऱ्याचंही ऐकून घेतलं जातं.

आणि मग हायकू. बीओएस नावाची एक देखणी, चपळ सिस्टिम होती. २००१ मध्ये तिची कंपनी पाम या कंपनीला विकली गेली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी तीच सिस्टिम नव्याने लिहायला घेतली, तीच ही हायकू. सप्टेंबर २०२४ मध्ये तिची पाचवी बीटा आवृत्ती आली. पहिली पक्की आवृत्ती अजून यायची आहे. तिच्यावर टॅली नाही, बँकेचं काही चालेल याची खात्री नाही, एखाद्या लॅपटॉपचं वायफाय तिला दिसतं, एखाद्याचं दिसत नाही. खिडक्यांना पिवळे कान आहेत, ते मात्र फार गोड दिसतात. उपयोग काय, असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सतारीच्या क्लासला जाणाऱ्याला आपण हा प्रश्न विचारत नाही. इथे काही अडलं तर ते कुणीतरी अजून लिहिलेलं नाही म्हणून अडतं. त्यामागे कुणाचं तिमाही उद्दिष्ट नसतं, आणि ‘तीन दिवसांनी आठवण करा’ असं बटण लिहायला तर इथे कुणाला वेळच झालेला नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, की असल्या सिस्टिम वापरतं कोण? मिनिक्सचं सांगतो. अँड्र्यू टॅननबॉम या ॲम्स्टरडॅमच्या प्राध्यापकांनी ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली. १९९२ मध्ये याच प्राध्यापकांनी टॉरवाल्ड्सचं लिनक्स कालबाह्य ठरवलं होतं. २०१७ मध्ये उघड झालं की गेली काही वर्षं इंटेलच्या संगणकांमध्ये, मुख्य प्रोसेसरच्या आड, व्यवस्थापनाचं काम बघणारा जो लहानसा स्वतंत्र संगणक असतो, तो मिनिक्सवर चालतो. आपण वर विंडोज टाका, लिनक्स टाका, हायकू टाका, खाली ती चालूच, आणि ती काढून टाकायची सोय मालकाला दिलेली नाही. परवाना इतका मोकळा होता की इंटेलने विचारायचीही गरज नव्हती. टॅननबॉम यांनी इंटेलच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहून आभार मानले, आणि आपली काही तक्रार नाही, फक्त कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्यात नमूद केलं.