पाच तारे आणि ‘बनवाबनवी’

आमचे भाऊजी दिसेल त्या माहितीपटाला पाच तारे देतात. मग रिमोट हातात आला, की शंभराव्यांदा ‘अशी ही बनवाबनवी’ लावतात. त्याला तारे किती? तीन. “सिनेमा छानच आहे हो, पण पाच म्हणजे जरा...”

नेटफ्लिक्सने २००६ साली असल्याच भाऊजींचे तारे जगापुढे मांडले. सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहक, १७,७७० सिनेमे, १० कोटींवर तारे. कोण कशाला किती तारे देईल याचा अंदाज आमच्यापेक्षा १० टक्के जास्त अचूक बांधा आणि १० लाख डॉलर घेऊन जा! जगभरातली हुशार डोकी तीन वर्षं राबली. जिंकणाऱ्यांची सुधारणा १०.०६ टक्के. दुसऱ्या एका संघाचा आकडाही तोच, पण पेपर वीस मिनिटं उशिरा दिलेला. गेले दहा लाख. (आपलं बोर्ड बरं म्हणायचं.)

आणि ते बक्षीसपात्र गणित? कंपनीने ते पूर्ण कधी वापरलंच नाही. स्पर्धेच्या पहिल्या वर्षातल्या दोन पद्धती उचलल्या, बाकीच्याला रामराम. एवढी खिचडी शिजवण्याच्या कष्टाइतका फायदा दिसत नाही, असं त्यांनी स्वतःच २०१२ मध्ये सांगून टाकलं. मधल्या काळात धंदाही टपालाच्या डीव्हीडीवरून स्ट्रीमिंगकडे पालटला होता. टपालाने डीव्हीडी मागवणारा माणूस परवाच्या सुसंस्कृत स्वतःसाठी मागवायचा. रात्री साडेदहाला पडद्यावर बोट फिरवणारा मात्र आत्ताचा, दमलेला असतो.

शेवटी २०१७ मध्ये तारेच काढले, अंगठे आणले. कारण काय, तर लोक भारदस्त माहितीपटांना पाच तारे द्यायचे आणि बघत बसायचे तीन ताऱ्यांचे टवाळ सिनेमे. आमच्या ताईने हे कपभर चहावर सांगितलं असतं.

हसायला आमचं तरी काय जातंय म्हणा. गेल्या तिमाहीत आमच्या ऑफिसने ग्राहकांना विचारलं, “सविस्तर मासिक अहवाल आवडेल का?” हो म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं? भरभरून ‘हो’ आले, मीटिंगमध्ये पाय चार्ट फिरला, चौघांनी दोन महिने घासून अहवाल बनवला. परवा लॉग काढून पाहिला. अहवाल रोज न चुकता उघडणारं एक खातं सापडलं.

आमच्याच टेस्टिंगवाल्याचं.